चौदा हाका

“पण मग तिला आणखी हवंय तरी काय?” यतीनने विचारलं.

धोंडबाबा मठाच्या ओसरीवर गोधडी शिवत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुणाला?”

“आईला! मघापासून तेच सांगतोय, बाबा.”

सांगत होता खरा. पुण्याहून घाट चढून आलेला यतीन घरं हुशार करून देण्याचा धंदा करी. पाऊल टेकलं की दिवा लागे, उकाडा वाढला की पंखा आपणहून फिरे, माणूस ओळखून दार उघडे. सगळ्यांत हुशार होतं ते त्याचं स्वतःचं घर. तिथे मायलेक दोघंच राहत, आणि आईसाठी त्याने त्यात जीव ओतला होता. शर्टाचं एक बटण लोंबत होतं, तेवढं मात्र त्या हुशार घराला दिसलं नव्हतं.

आणि तीच आई उद्या सकाळी कायमची मावशीच्या गावी निघाली होती.

“मावशीकडे आहे काय? आडाचं पाणी शेंदायचं. मावशीला धड दिसत नाही, उठता-बसता आईलाच हाका मारते. आणि आमच्याकडे...”

“जरा दोरा ओवून दे,” बाबांनी सुई पुढे केली.

यतीनने चडफडत सुई घेतली. दोन वेळा नेढं हुकलं. मग त्याने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, एक डोळा मिटला, तेव्हा कुठे दोरा आत गेला.

“हं. तुमच्याकडे काय?”

यतीनने मोबाइल काढला. पडद्यावर एक उतरती रेघ होती. ती दाखवताना गड्याची छाती फुगली.

“हे बघा. घर सगळ्याची नोंद ठेवतं. पूर्वी आई दिवसातून चौदा वेळा मला हाक मारायची. यतीन, दिवा लाव. यतीन, किती वाजले रे? यतीन, पंखा कमी कर. मी कामात असायचो, ती ताटकळायची. मला फार वाईट वाटायचं, बाबा. म्हणून एकेक कारण शोधलं नि मिटवलं. आता किती हाका येतात, सांगा?”

“तूच सांग.”

“शून्य! दोन महिने झाले, एकदासुद्धा नाही.”

बाबांचे हात थांबले.

“एकदासुद्धा नाही...?”

“नाही.” या वेळी यतीनचा आवाज जरा खाली आला.

बाबा पुन्हा शिवू लागले. टाके पडत राहिले. दोरा संपला, तसा त्यांनी रिळाचा नवा दोरा तोडला आणि सुईकडे नीट न बघताच एका झटक्यात ओवला.

यतीन बघतच राहिला.

“तुम्हांला तर स्वच्छ दिसतं!”

“दिसतं की.”

“मग मघाशी मला कशाला सांगितलंत?”

“तू जवळ बसला होतास.”

...

यतीनने मोबाइलकडे पाहिलं. ही रेघ त्याने किती गिऱ्हाइकांना दाखवली होती, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. आज ती त्याला बघवेना. दोन महिन्यांत त्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

“बाबा... ती थांबेल का?”

बाबांनी गोधडी बाजूला सारली. हात पुढे केला, यतीनच्या शर्टाचं ते लोंबतं बटण चिमटीत धरलं आणि तटकन तोडलं.

“अहो, हे काय!”

बाबांनी बटण त्याच्या तळहातावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटली.

“सुई तिच्याकडे असेल,” ते म्हणाले. “नेढं मात्र तिला दिसायचं नाही.”