बेडकाच्या पोटातला म्हातारा सेल

निमूचा एक बेडूक होता. हिरवा हिरवा, खेळण्यातला. त्याच्या पोटात चार्जिंगचा सेल. पूर्वी कसा उडायचा, टुणुक टुणुक, थेट पलंगाखाली. पण सेल झाला म्हातारा. कितीही चार्ज करा, एक टुणुक, की घर्रर्र… बसला.

आणि लाल मोटारीला मिळाला नवा सेल. मोटार पळाली, सुर्र सुर्र. पाळण्यातली निमू खिदळली. बेडकाकडे बघेचना. बेडूक असा जळला, असा जळला, काय सांगू. त्यालाही नवा सेल हवा.

टुणुक, घर्रर्र. गेला पाकिटातल्या दुसऱ्या नव्या सेलकडे.
"सेलदादा, सेलदादा, माझ्या पोटात ये."
"मी नाही येत. कात्रीने पाकीट कापलं तर येईन."

टुणुक, घर्रर्र. गेला कात्रीकडे.
"कात्रीताई, कात्रीताई, पाकीट काप. सेल येईना, मला उडता येईना, आणि मोटार आपली सुर्र सुर्र."
"मी नाही कापत. बाबांनी हातात धरलं तर कापेन."

टुणुक, घर्रर्र. गेला बाबांकडे. बाबा पाळणा हलवत होते.
"बाबा, बाबा, कात्री धरा. कात्री कापेना, सेल येईना, मला उडता येईना, आणि मोटार आपली सुर्र सुर्र."
"मी नाही उठत. निमू झोपली तर उठेन."

टुणुक, घर्रर्र. गेला निमूकडे.
"निमू, निमू, झोप. बाबा उठेनात, कात्री कापेना, सेल येईना, मला उडता येईना, आणि मोटार आपली सुर्र सुर्र."
"मी नाही झोपत. घड्याळाची टिकटिक ऐकली तर झोपेन."

टुणुक, घर्रर्र. गेला घड्याळाकडे.
"घड्याळकाका, घड्याळकाका, टिकटिक करा. निमू झोपेना, बाबा उठेनात, कात्री कापेना, सेल येईना, मला उडता येईना, आणि मोटार आपली सुर्र सुर्र."
"माझा सेल संपलाय. तुझा म्हातारा सेल दे. मला थोडंसं पुरतं. मग करीन."

बेडूक फुगून बसला. मोटारीला नवा, घड्याळाला माझा, आणि मला काय, ठेंगा? मुळीच देणार नाही.

पण मोटार आपली सुर्र सुर्र. राहवेना त्याला. उघडलं पोटाचं झाकण. सेल निघाला, गडगड गडगड, शिरला घड्याळात. बेडूक झाला आडवा. गप्प.

टिक टिक, टिक टिक. घड्याळ चाललं. निमू झोपली. बाबा उठले. कात्रीने पाकीट कापलं, कचकच. नवा सेल आला, खटकन पोटात बसला.

टुणुक टुणुक टुणुक! बेडूक उडाला, मोटारीवरून पलीकडे. निमू जागी झाली. हात पसरले. बेडकाला घट्ट घट्ट धरलं.

मोटार बघतच राहिली. "मला पण उडायचंय," म्हणाली.
बेडूक म्हणाला, "तू आपली सुर्र सुर्र कर."