न दुखणारी दाढ

एका गावात एक दाढ प्रसिद्ध होती. ती शिदबाआण्णांची.

त्या गावात लग्न ठरले की सुपारी दाढेने फोडत. वधूकडचे आणि वराकडचे समोरासमोर बसत, मध्ये आण्णा बसत. ते सुपारी उजव्या दाढेखाली धरत आणि एका दमात फोडत. मोठा आवाज होई. ताशेवाला ताशावर काठी टाकी, आण्णांच्या गळ्यात हार पडे आणि लग्न पक्के होई. तीस वर्षे हे असेच चालले होते.

एका जूनमध्ये त्या दाढेला ठणका लागला. तीन दिवस आण्णांना पाणीसुद्धा गिळवेना. चौथ्या दिवशी ते कुणाला न सांगता तालुक्याला गेले. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कीड साफ केली, दाढेतली नस काढली आणि पोकळीत सिमेंट भरले. ठणका थांबला.

"आता येत्या सोमवारी या," बाई म्हणाल्या. "वर टोपी बसवायची आहे."

"कशाला? दुखायचं तर थांबलं."

"थांबलं, कारण नस काढली. आता दाढेला काही झालं तरी ती तुम्हाला सांगणार नाही. टोपी नसली तर एक दिवस ती सरळ फुटेल."

आण्णांनी मान हलवली. सोमवार आला, तसा गेला. दाढ दुखत नव्हती. शिवाय, ज्याच्या दाढेला गाव हार घालते, तो दातांच्या दवाखान्यात दिसला तर लोक काय म्हणतील? असे वीस-बावीस सोमवार गेले. तेवढ्या काळात आण्णांनी त्याच दाढेने तीन लग्नांच्या सुपाऱ्या फोडल्या. प्रत्येक वेळी दाढेला आत एक बारीक चीर पडली. आण्णांना काहीच जाणवले नाही.

मग रेवतीच्या लग्नाची बैठक बसली.

रेवती शेजारच्या गल्लीतली. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मुलगाही तिथलाच. दोघांनी एकमेकांना पसंत केले होते आणि घरच्यांची मने वळवण्यात दोन वर्षे घालवली होती. सर्वांत शेवटी कशीबशी तयार झाली ती मुलाची आत्या. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी जात नसे. ती बैठकीला आली, पण पुढच्या पायरीवर पाय ठेवावा की नाही, अशा चेहऱ्याने.

आण्णांनी सुपारी दाढेखाली धरली. जोर लावला. कडकन आवाज झाला.

"फुटली! फुटली!" लोक ओरडले. ताशा वाजला.

आण्णांनी तोंडापुढे हात धरला. तळहातावर दोन गोष्टी पडल्या. अख्खी सुपारी आणि अर्धी दाढ.

ताशा थांबला.

आत्या उठून उभी राहिली. "सुपारी शाबूत आणि दाढ फुटली! असला शकुन मी जन्मात बघितला नाही. चला रे, उठा सगळे."

"आत्याबाई, जरा बसा तरी," रेवतीचे वडील म्हणाले.

"काय बसू? पोरीचं अजून ठरलंही नाही, तेवढ्यात जाणत्या माणसाचा दात पडला. आमच्या घरी आल्यावर काय काय पडेल!"

मुलगा म्हणाला, "आत्या, दाताचा आणि रेवतीचा काय संबंध?"

"तू गप. तुझ्या डोळ्यांवर आधीच झापड आहे."

मागून गावातलाच एक म्हातारा पुटपुटला, "तीस वर्षांत दाढेला काही झालं नव्हतं. आजच कशी फुटली?" दोन-चार माना हलल्या. सगळ्यांनी रेवतीकडे पाहिले. रेवतीने आण्णांकडे पाहिले.

आण्णा नुसते गप्प बसले असते तर त्यांचा मान शाबूत राहिला असता. लोक त्यांनाच धीर देऊ लागले होते. एकाने पाण्याचा तांब्याही पुढे केला. आण्णांनी तो घेतला, चूळ भरली आणि तांब्या खाली ठेवला.

"आत्याबाई, खाली बसा," ते म्हणाले. "ही दाढ आज फुटली नाही. ती जूनमध्येच मेली. तालुक्याला जाऊन मी तिची नस काढून घेतली. बाईंनी टोपी बसवायला बोलावलं होतं. दुखत नव्हती म्हणून मी गेलो नाही, आणि तुम्हा कुणाला कळू नये म्हणूनही गेलो नाही. चूक माझी आहे. या पोरीचा तिच्याशी काही संबंध नाही."

"म्हणजे आण्णा," एक तरुण म्हणाला, "मागची तीन लग्नं आम्ही मेलेल्या दाढेला हार घातले?"

"तुम्ही घातले, आणि मी घेतले."

दोघे-तिघे हसले. आत्या मात्र हसली नाही. "पोरीला वाचवायला रचून सांगताय. खरं कशावरून?"

आण्णांनी तीस वर्षांत जे केले नव्हते ते केले. भर बैठकीत उजेडाकडे तोंड करून आ वासला. आत्या वाकली. तुटक्या दाढेच्या पोटात पांढरे सिमेंट स्पष्ट दिसत होते. तिने इकडून पाहिले, तिकडून पाहिले.

"मिटा आता," ती म्हणाली. "एवढ्या वयाला डॉक्टरचं ऐकायला काय होतं तुम्हाला?"

आणि ती खाली बसली. सुपारी वरवंट्याने फोडली. लग्न पक्के झाले.

सोमवारी आण्णा दवाखान्यात गेले. बाई म्हणाल्या, "तेव्हा आला असता तर सोपं होतं. आता आधी दाढेत आधाराची काडी रोवायची, मग दाढ बांधायची, मग तिला तासून टोपी बसवायची. चार खेपा होतील." आण्णांनी चारही खेपा केल्या.

त्या महिन्यात त्याच गावातून आणखी सहा माणसे दवाखान्यात गेली. सहाही जणांच्या दाढेतली नस कधीच काढून झाली होती. आणि दुखायचे थांबले म्हणून सहाही जण परत फिरकले नव्हते.

तात्पर्य: दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले असे नव्हे. अर्धवट सोडलेले काम एक दिवस फुटतेच. त्या दिवशी "चूक माझी" म्हणायला आपण कचरलो, तर शिक्षा दुसऱ्याला भोगावी लागते.