खेकडीचा डोंगर

दगडधोंडेसुद्धा उलट बोलायचे, तेव्हाची गोष्ट. डोंगरावरल्या म्हाताऱ्या खेकडीच्या डोक्यावर एकदा ठणाठण आवाज झाला. भूगर्भ खात्याचा हातोडा तपासणीला आला होता. नियमाप्रमाणे तीन टोले मोजून तो म्हणाला, "आत लोखंड आहे, पाणी नाही. डोंगर खणायचाय, उठा सगळे!"

खेकडी नांग्या परजत बाहेर आली. "पाणी नाही?"

"नकाशात तसं लिहिलंय, आजी."

"मग मी इतकी वर्षं नकाशा पिऊन जगले का रे? नाही उठत जा!"

चिडून हातोड्याने चौथा टोला हाणला. खडक तडकला, झरा फुटला आणि नकाशा वाहत गेला.

खेकडी म्हणाली, "हातोडेराव, नवा काढाल त्यात मलाही काढा. दोन्ही नांग्यांसकट!"