झुळुकेची ओटी

माहेरी आलेल्या लेकीला रिकाम्या ओटीनं सासरी पाठवणारी आई तुम्ही कधी पाहिली आहे का? त्या मुलखात तशी एकही नव्हती, आणि काळी नावाची जमीन तर मुळीच तशी नव्हती.

काळीची लेक झुळूक डोंगरापलीकडे, वाळूच्या घरात दिलेली. दर उन्हाळ्यात ती माहेरपणाला यायची. मृगाच्या तोंडावर ती परत निघाली की काळी आपली मऊ माती तिच्या ओटीत घालायची. काळीचा मुलगा पाऊस वर्षातले चार महिनेच घरी असे. घर धरून होती ती त्याची बायको, हरळी. ओटी भरताना ती हात आडवा घालायची.

"वन्सं, मूठभरच हं. ओंजळ नाही."

"बघ गं आई, सुनेचा हात किती आखडता," झुळूक हसायची.

काळीला ते लागायचं. लेकीपुढं मान खाली जाते असं वाटायचं. एका वर्षी तिनं शेळ्यांना आवतण दिलं. शेळ्यांनी हरळीला पार मुळापर्यंत कुरतडलं.

मग आडवा हात राहिला नाही. झुळूक दोन्ही हातांनी घेऊ लागली. घेता घेता अंगानं भरली, आवाजही चढला. शेजारीपाजारी तिला वावटळ म्हणू लागले. पाऊस मात्र आला की लवकर निघायचा. चार महिन्यांचे दोन झाले, दोनाचा एक. "टेकायला जागा नाही गं आई," एवढंच म्हणायचा. काळीची हाडं, म्हणजे खडक, वर दिसू लागली. तिला आता बोलायचाही कंटाळा येई.

यंदा लेक निघाली तेव्हा काळीकडे शेवटची ओंजळ उरली होती. तीत हरळीचं बी निजलं होतं.

"एवढी राहू दे, पोरी. यात तुझी भाचरं आहेत. ती उठली तर तुझा भाऊ घरी टिकेल."

"मग मी रिकामी जाऊ? सासरी काय सांगू, माहेर आटलं म्हणून?"

काळीनं लेकीला कुंकू लावलं आणि ती ओंजळ तिच्या पदरात घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस आला. त्यानं आईला हाक मारली आणि ती ओ देईपर्यंत तो खडकावरून उताराला लागला होता.