धाकटीची तिवरं

खाडीकाठच्या एका गावात दोन जावा राहत होत्या. वाटणी झाली तेव्हा पहिली निवड थोरलीची. तिनं स्वच्छ, मोकळ्या बांधामागचं भातशेत घेतलं. धाकटीच्या बांधापुढं खाऱ्या चिखलात तिवरांची गर्दी होती. खिळ्यांसारखी वर आलेली मुळं, पानांवर मिठाचे कण. "ही घाण तुलाच लखलाभ हो!" थोरली हसून म्हणाली होती.

पण झालं भलतंच. दर उधाणाला थोरलीचा बांध खचायचा. चिखलाच्या पाट्या वाहून तिची कंबर धरायची, आणि धाकटी मात्र तिवरांच्या मुळांत निवांत खेकडे धरायची. तिचं भातही जोमदार. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. "निवड माझी आणि नशीब हिचं!" धाकटीनं पाठवलेलं खेकड्यांचं कालवण तिला विषासारखं लागे. वाटी चाटूनपुसून खायची, ते वेगळं.

गौरीला धाकटी माहेरी गेली. थोरलीनं कोयता काढला.

"अगो, झाडं तिची. आल्यावर काय सांगशील?" नवरा म्हणाला.

"सरपण संपलं होतं म्हणून सांगेन!"

दोन दिवसांत धाकटीचा बांध उघडा पडला. थोरलीला कधी नव्हे ते दोन घास जास्त गेले.

पौर्णिमेचं उधाण आलं आणि धाकटीचा बांध फुटला. थोरली मनातून खूश होऊन बघायला धावली. बघते तर काय, दोन शेतांमधली वीतभर उंच मेर ओलांडून पाणी तिच्याच शेतात शिरत होतं. दाणा भरत आलेलं दोघींचं भात खाऱ्या पाण्यात करपून गेलं.

धाकटी परतली. तुटकी खोडं आणि थोरलीच्या दारातली सरपणाची रास बघून रडली. "जाऊबाई, मागितल्या असत्यात तर फांद्या दिल्या असत्या हो."

थोरली भांडायच्या तयारीत होती. पण ती पाठ फिरवून घरात गेली.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला धाकटी तिवरांच्या वाहून आलेल्या बिया टोपलीत घेऊन चिखलात उतरली आणि थोरलीच्या बांधापुढं रोवू लागली.

"अगो, आधी तुझ्याकडं लाव की!" थोरलीच्यानं राहवेना.

"माझ्या खोडांना धुमारे फुटतील, जाऊबाई. तुमच्याकडं काहीच नाही."

थोरलीला पुन्हा धाकटीचा हेवा वाटला, पण आता तिच्या मनाचा. लाजही वाटली. तिनं पदर खोचला आणि तीही गुडघाभर चिखलात उतरली.

तात्पर्य काय, तर दुसऱ्याचं बरं बघवत नाही म्हणून आपण जे तोडायला जातो, त्याच्याच आडोशाला आपणही उभे असतो.