उतरतीचा रकाना

“...मग आता माझं शिकायचं राहिलंय तरी काय, अण्णा?”

रुद्राप्पा अण्णांनी मान वर केली नाही. हातातल्या, दाब मोजायच्या गेजची काच ते सदऱ्याच्या टोकानं पुसत होते, आणि त्या काचेवरचा एक डाग काही केल्या निघत नव्हता.

शर्वरी मगदूम उभी राहिली. वाट बघणं तिला जमत नसे, पण अण्णांच्या दुकानात दुसरा इलाज नव्हता.

इंजिनिअरिंगला विद्यापीठात पहिली आलेली ही पोर चौदा महिन्यांपूर्वी दुकानात आली, तेव्हा इचलकरंजीतल्या तिच्या नातेवाइकांनी तोंडात बोटं घातली होती. एवढं शिकून प्रेशर गेजं पुसायला? पण शर्वरीला ठाऊक होतं ती कशाला आली ते. गावातल्या बॉयलरवर अण्णांचा शिशाचा शिक्का लागलेलं गेज दिसलं की माणसं पुढं काही विचारत नसत. तो शिक्का मारायचा चिमटा भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला होता. चाळीस वर्षांत अण्णांखेरीज त्याला कुणाचा हात लागला नव्हता.

सोमवारी अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. महिनाभर तरी दुकान बंद, नाहीतर चिमटा शर्वरीच्या हातात. दोन्हींपैकी काय, ते अण्णा बोलले नव्हते. शर्वरी मात्र चिमटा आपल्याच हाती येणार असं घरी बोलून बसली होती. वडिलांनी ती बातमी तीन घरी पोचवलीही होती.

“चाळीस गेजं,” ती म्हणाली. “दीड दिवसात. तुम्हाला चार दिवस लागले असते.”

“सहा,” अण्णा म्हणाले.

त्यांनी हात पुढं केला. शर्वरीनं कागदांचा गठ्ठा दिला.

गेज तपासायची रीत सोपी आहे. तेलाच्या यंत्रावर एका अंगाला गेज बसवायचं, दुसऱ्या अंगाला लोखंडी चकत्या ठेवत जायचं. एक चकती म्हणजे एक किलो दाब. काटा कुठं जातो ते लिहायचं. दहा किलोपर्यंत चढवायचं, तिथं जरा थांबायचं, मग एकेक चकती काढत उतरवायचं. कागदावर रकाने दोनच. एक चढतीचा, एक उतरतीचा.

अण्णांनी भिंग काढलं. पान उलटलं... दुसरं उलटलं... चाळीसही उलटली.

“आज्ञाधारक दिसतात सगळी,” ते म्हणाले. “उतरताना प्रत्येक जण एक केसभर मागं. आणि केसही एकाच डोक्यावरचा.”

शर्वरी हसली. हे तिला सांगायचंच होतं. तिनं समजावून दिलं की आतली पितळी नळी विळ्यासारखी वाकलेली असते, दाब आला की ती सरळ व्हायला बघते, दाब गेला की परत वळते, पण ज्या वाटेनं गेली त्या वाटेनं येत नाही, थोडी मागं रेंगाळते. त्याला हिस्टेरिसिस म्हणतात. परीक्षेत तिनं त्याचं वेटोळं काढलं होतं आणि पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते. म्हणून तिनं तीन गेजं प्रत्यक्ष उतरवून बघितली, फरक काढला आणि बाकीच्या सदतीसांचा उतरतीचा रकाना हिशेबानं भरला. ह्यात फसवाफसवी काही नव्हती. हे ज्ञान होतं.

“शितावरून भाताची परीक्षा, अण्णा.”

“भात एका भांड्यात शिजतो, बाळ.”

शर्वरी फळीवर मांडलेल्या गेजांकडे बघायला लागली.

“ह्यांतलं सगळ्यात गुणी कुठलं?” अण्णांनी विचारलं.

तिला शोधावं लागलं नाही. सतरा नंबर. चढतीत प्रत्येक किलोला काटा रेघेच्या बरोब्बर मधोमध. तिनं ते फळीवरून उचललं, यंत्रावर बसवलं. काटा शून्यावर होता.

एक चकती. ती ठेवताना शर्वरीनं बोटाच्या टोकानं हलकेच फिरवली, म्हणजे खालचा दट्ट्या अडकत नाही. हे अण्णांनीच शिकवलं होतं, आणि आता तिचा हात त्यांच्यापेक्षा हलका पडत होता, हेही तिला माहीत होतं. दोन. तीन. चार. काटा तिच्या बोटाला बांधल्यासारखा वर चढत होता. दहावी चकती ठेवली आणि काटा दहाच्या रेघेवर उभा राहिला. तो जणू आपणच घडवला आहे अशा नजरेनं तिनं अण्णांकडे बघितलं.

“काढू?”

“थांब.”

अण्णांनी थर्मास उघडला. चहा ओतला. पिशवीतून एक कडक बटर काढून चहात बुडवलं आणि ते पुरतं भिजेपर्यंत धरून ठेवलं. असं करत त्यांनी तीन बटरं खाल्ली. शर्वरीनं घड्याळ बघितलं. दहा मिनिटं होऊन गेली होती.

“काटा हलेना झालाय, अण्णा. काही होत नाहीये. कशाला थांबायचं?”

“तुला होत नाहीये. नळीला विचारलंस?”

...

“काढ आता.”

नऊ. काटा नऊच्या जरा वर. ठीक, एक केस, शर्वरीच्या हिशेबातलाच. आठ. आता केस दोन झाले. सहाला काटा रेघ सोडून चांगला वर राहिला. तिनं काचेवर टिचकी मारली. काटा थरथरला आणि होता तिथंच बसला.

तिचा हात आता तितका हलका राहिला नव्हता. चौथी चकती तिच्या हातून फरशीवर पडली, त्या खणखणाटानं ती स्वतःच केवढ्यानं दचकली. अण्णांनी चकती उचलून तिच्या हातात दिली.

तीन. दोन. एक.

यंत्रावर काही उरलं नाही. नळीत दाब नव्हता. आणि काटा पाव किलोवर होता.

शर्वरीनं टिचकी मारली. पुन्हा मारली, जरा जोरात.

“सकाळी शून्यावर होता,” ती म्हणाली.

“सकाळी सगळीच शून्यावर असतात. रात्रभर फळीवर झोपून आलेली.”

“काटा उपटून शून्यावर बसवते. दोन मिनिटांचं काम.”

“बसव की. मग उद्या सकाळी तो शून्याच्या खाली जायला बघेल. खोटं आहे तेवढंच राहतंय. त्याची फक्त खोली बदलती.”

आता तिचा आवाज चढला. एक गेज थकलेलं निघालं म्हणून चाळीसांची मेहनत पाण्यात घालायची का? आणि फरक तो किती? दहा किलोच्या गेजमध्ये पाव किलो. पाव किलोनं कुणाचं काय वाईट होणार होतं?

अण्णांनी कप खाली ठेवला.

“कापड रंगवायची भांडी बघितलीस? झाकणवाली, दाबाची?”

बघितली होती. ही चाळीस गेजं त्याच भांड्यांवरची होती.

“झाकणापाशी माणूस असतो. तो काट्याकडं कधी बघतो?”

शर्वरी ‘सारखाच’ म्हणणार होती. शब्द ओठांपर्यंत आला... आणि तिथंच थांबला. चढताना कोण बघतं? चढवायला बॉयलर असतो. झाकणापाशी उभा असलेला माणूस बघतो तो उतरतानाच. काटा शून्यावर आला की तो झाकणाचं चाक फिरवतो.

मग अण्णांनी एका माणसाचं सांगितलं. आवाज न चढवता, जसं ते एखाद्या गेजचं सांगत तसं. सिद्राम नावाचा होता. त्याच्या भांड्याचा काटा रोज पाव किलोवर येऊन बसायचा. पहिल्या दिवशी तो अर्धा तास वाट बघत राहिला. दुसऱ्या दिवशी फिटरला बोलावलं. फिटर म्हणाला, भांडं रिकामं आहे, उघड. तिसऱ्या दिवशी सिद्रामनं कुणाला बोलावलं नाही. पाव म्हणजे शून्य, हे त्याच्या हाताला पाठ झालं. दोन वर्षं तो पाववर झाकण उघडत राहिला आणि दोन वर्षांत काही म्हणता काही झालं नाही. मग एक शहाणा सुपरवायझर आला. त्यानं ते गेज काढून टाकलं. नवं बसवलं, एकदम खरं. ते पाव दाखवायचं तेव्हा आत खरंच पाव किलो दाब असायचा.

“गेज बदललं,” अण्णा म्हणाले. “सिद्राम तोच होता.”

...

बाहेर कुठल्या तरी मागाचा खटखटाट चालू होता. शर्वरीला तो आता ऐकू आला, दिवसभर चालू असूनही.

“आधीच्या गेजवर...” तिनं विचारलं, “शिक्का कुणाचा होता?”

अण्णांनी यंत्राच्या, चकत्या ठेवायच्या रिकाम्या तबकडीला बोट लावलं. तबकडी फिरायला लागली. खालचा दट्ट्या तेलात असल्यानं ती बराच वेळ फिरते. दोघंही तिच्याकडे बघत राहिले. ती थांबली, तेव्हा अण्णांनी भिंतीवरच्या चिमट्याकडे बघितलं.

शर्वरीनं कागदांचा गठ्ठा उचलला आणि मधोमध धरला.

“फाडू नको,” अण्णा म्हणाले. “मागची बाजू कोरी आहे.”

चार वाजता कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसचा टेंपो आला. अण्णा आत गेजं पुसत बसले होते. शर्वरी उंबऱ्यापर्यंत गेली आणि ड्रायव्हरला म्हणाली, माल तयार नाही, परवा संध्याकाळी या.

ड्रायव्हरनं बिडी विझवली. “काल फोनवर तर झालंय म्हणालात की, मॅडम.”

“म्हणाले होते.”

चौदा महिन्यांत तिनं उचललेल्या सगळ्या चकत्यांपेक्षा हे दोन शब्द जड होते. ड्रायव्हर आणखी काहीतरी पुटपुटला आणि टेंपो वळवून गेला. अण्णांचा हात काचेवर गोल गोल फिरत होता. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही.

मग ती बसली. चढवायचं, दहावर थांबायचं, पुरती दहा मिनिटं, आणि उतरवायचं. पहिली दहा मिनिटं तिला खायला उठली. पाचव्या गेजला तिनं थर्मासमधला चहा ओतून घेतला. बाराव्याला तिला समजायला लागलं की ही चाळीस भावंडं नाहीत. वर जाताना सगळ्यांची चाल एक, खाली येताना मात्र प्रत्येकाची वेगळी. एक आठवर अडखळायचं आणि पुढं सुरळीत यायचं. एक शेवटच्या किलोला रुसायचं. कोण कुठल्या भांड्यावर किती ताणलं गेलं होतं, ते कुणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. ते फक्त उतरताना दिसायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तेव्हा सतरा नंबरचा काटा फळीवर साळसूदपणे शून्याला टेकलेला होता. ती त्याच्याकडे बघून हसली. कालचं हसू नव्हतं ते.

तो दिवस गेला. तिसराही कलायला आला. चाळीस कागदांच्या मागच्या बाजू भरल्या. तेहेतीस गेजं खरी निघाली. सात तिनं बाजूला काढली, सतरा नंबर धरून. तारेच्या तुकड्यांनी ती एकत्र बांधली आणि वर चिठ्ठी लावली. टेंपो यायला अवकाश होता.

तिनं कागद अण्णांसमोर ठेवले आणि चकत्या पुसायला घेतल्या. खिळ्याकडे तिनं बघितलं नाही. वडिलांनी तीन घरी सांगितलेलं आता तीन घरी जाऊन परत घ्यावं लागणार होतं. त्याचीही तिनं मनात तयारी केली होती.

अण्णांनी भिंग लावलं. ह्या वेळी पानं सावकाश उलटली. एका पानावर थांबून ते गेज मागवून घेतलं, हातात तोललं, परत दिलं.

“आज काही मागायचं नाही?”

“नाही.”

“ताठा उतरला म्हणायचा.”

“...उतरला.”

“कुठवर?”

शर्वरीचा पुसता हात थांबला.

‘शून्यावर’ हा शब्द जिभेवर तयार होता. तो म्हटला असता तर शोभलाही असता. पण दुपारी सातवं खोटं गेज हाती लागलं, केवळ शेवटच्या अर्ध्या किलोत फसवणारं, तेव्हा तिच्या मनात आलेलं तिला आठवलं. हे गावात दुसऱ्या कुणाला सापडलं नसतं. अगदी अण्णांच्याही डोळ्यांना आता नाही. आणि ते मनात आल्यावर तिची पाठ आपोआप सरळ झाली होती.

तिनं हातातली चकती खाली ठेवली.

“पाव किलोवर असेल अण्णा,” ती म्हणाली. “अजून.”

अण्णा उठले. भिंत चाचपत खिळ्यापाशी गेले. चिमटा काढला, त्यावर फुंकर मारली आणि तो तिच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटवली.

“शून्य म्हणाली असतीस, तर हा खिळ्यावरच राहिला असता.”