सहा झकू आणि एक मिशी

"पाढा!" एवढं ऐकलं की राजपुत्र बाळराजे थेट चिंचेच्या झाडावर! मग कितीही हाका मारा, खाली यायचं नाव नाही.

राजे धूर्जटराव भडकले. त्यांनी म्हाताऱ्या पंतोजींना बोलावलं.

"पुनवेपर्यंत बाळराजांना सात एके सात ते सात दाहे सत्तर आलंच पाहिजे! पण त्यांना बसवायचं नाही, रागवायचं नाही. आणि त्यांच्यासमोर 'पाढा' हा शब्द जो काढील, त्याची मिशी मी काढीन! बाळराजांना आलं नाही, तर तुमची!"

पंतोजींची मिशी म्हणजे काय थाट! गावभर कौतुक तिचं. बिचारे घरी येऊन ढसाढसा रडू लागले.

"आजोबा, आधी मिशी पुसा," त्यांची नात ठकू म्हणाली. "मी बघते काय करायचं ते!"

दुसऱ्या दिवसापासून ठकू आणि बाळराजे विटीदांडू खेळायला लागले. विटी लांब गेली की दांडूनं अंतर मोजायचं. "वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झकू!" सात दांडू भरले की एक झकू, मग पुन्हा वकट.

"माझे तीन झकू!" बाळराजे नाचायचे.

"एकूण दांडू किती? सांगा, नाहीतर डाव माझा!"

"एकवीस! एकवीस!"

पंतोजी लांबून कपाळाला हात लावायचे. मिशी जायची वेळ आली, आणि ही पोरगी खेळतेय!

पुनव आली. दरबार भरला. न्हावी वस्तरा घेऊन हजर.

"सात सक?" राजांनी विचारलं.

बाळराजे खिडकीतून चिंचेकडे बघू लागले. पंतोजींनी दोन्ही हातांनी मिशी झाकली.

"थांबा!" ठकू ओरडली. "बाळराजे, सहा झकू! दांडू किती?"

"बेचाळीस!"

"नऊ झकू?"

"त्रेसष्ट! सोपं काय विचारतेस गं?"

राजे सिंहासनावरून उठलेच. "आठ झकू?"

"छप्पन्न, आबासाहेब!"

"अरे वा रे पठ्ठ्या! याला तर सातचा अख्खा पाढा येतो!"



"काय? पाढा? मला येतो?" बाळराजे उड्या मारू लागले.

ठकूनं वाकून मुजरा केला. "न्हावीदादा, वस्तरा तिकडे न्या. शब्द महाराजांच्याच तोंडून निघाला!"

राजांचा हात झटकन मिशीवर गेला. त्यांनी डोळे वटारले, आणि मग असे खदाखदा हसले की मुकुट घरंगळत न्हाव्याच्या पायाशी गेला.

"पोरी, एवढी मिशी सोड! हवं ते माग!"

"मग वाड्याचं अंगण गावातल्या सगळ्या पोरांना खेळायला द्या. आणि आजोबांनी आता आठला कुठला खेळ लावायचा, तेवढं सांगा!"

राजांनी अंगण दिलं, ठकूला चांदीचा दांडू दिला, आणि पहिला डाव हट्टानं स्वतःच घेतला. पहिल्याच टोल्याला बाद! झेल पंतोजींनी घेतला, मिशीला पीळ देत.